रसायन आणि रोकड

कॉमर्सच्या माणसाचा आणि रसायनशास्त्राचा संबंध काय, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी एखादं वर्ष शेलारला येऊन राहावं. बँकेत नोकरी करणाऱ्याला सगळं येतं, अशी आमच्या गावाची पक्की श्रद्धा आहे. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, विम्याचा थकलेला हप्ता, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ, कुत्रं चावल्यावर घ्यायची इंजेक्शनं, या सर्व विषयांवर माझा सल्ला घेतला जातो. तो पाळला जात नाही ही गोष्ट वेगळी. पण घेतला जातो. मीही देतो. बँकेतल्या माणसाला बिनव्याजी देता येईल अशी तेवढी एकच वस्तू त्याच्याजवळ असते.

शेलार म्हणजे भिवंडीला खेटून असलेलं गाव. नदीनाका, वाड्याचा रस्ता, जवळून वाहणारी कामवारी, आणि या सगळ्यावर दिवसरात्र पसरलेला यंत्रमागांचा आवाज. पाहुण्यांना पहिल्या रात्री तो आवाज झोपू देत नाही; आम्हाला तो थांबला तर जाग येते. लाइट गेली आणि माग बंद पडले की सगळी वस्ती अंथरुणात उठून बसते आणि 'काय झालं?' म्हणून एकमेकांना विचारते. इथल्या मुलांचं पाठांतर मोठं तालबद्ध असतं, त्याचं कारणही हेच. खटाक्-खट, खटाक्-खट या ठेक्यावर पाढे, कविता आणि सनावळ्या घोकल्या की त्या डोक्यात अगदी विणल्या जातात. फक्त कधीकधी कापड तयार होतं आणि ते कशासाठी विणलं हे विणणाऱ्याला ठाऊक नसतं.

माझ्याकडे आलेलं प्रकरण नेमकं याच जातीचं होतं.

आमच्या शेजारी एक भाऊ राहतात. सायझिंगमध्ये कामाला आहेत. ज्यांचा कापडाशी संबंध फक्त दिवाळीत येतो त्यांच्यासाठी सांगतो: मागावर चढण्याआधी उभ्या धाग्याला खळ पाजावी लागते. नाहीतर मागाच्या धडपडीत घासून घासून तो तुटतो. ही खळ शिजवण्याचं काम भाऊंकडे वीस वर्षं आहे. त्यांची मुलगी बारावी सायन्सला. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आणि अकरावीपासून एकदम इंग्रजी पुस्तकात जाऊन पडलेली. आठ दिवसांनी तिची रसायनशास्त्राची चाचणी होती, पंचवीस मार्कांची.

"साहेब," भाऊ म्हणाले, "मागच्या चाचणीत हिला बावीस मिळाले."

मी अभिनंदन केलं. भाऊंनी ते बाजूला ठेवलं.

"त्यात स्टार्चवर प्रश्न होता. हिने पानभर उत्तर लिहिलं. पुरे मार्क. मी म्हटलं, स्टार्च तर आमच्याकडे पोत्यांनी येतो. आमच्या टाकीत काय होतं ते सांग बरं. तर म्हणाली, ते मला काय माहीत? मग साहेब, ते मार्क कुणाचे?"

मुलगी दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. भाऊंचा आवाज रागाचा नव्हता, हे तिच्या लक्षात आलेलं दिसलं नाही, माझ्या आलं. ते पुढे म्हणाले, "मोठ्या मुलाला दहावीनंतर मागावर घातला. हिच्या क्लासची फी भरायला मालकाकडून उचल घ्यावी लागणार. घेईन मी. पण हिला खरंच येतंय की नुसतं दिसतंय, एवढं सांगा. मार्कांवरून मला कळत नाही."

बँकेच्या काउंटरवर मला आजवर पुष्कळ प्रश्न आले. पासबुकात एन्ट्री का नाही, व्याज एवढंच का, शाईचं पेन कुणी नेलं. पण 'खरंच येणं म्हणजे काय' हा प्रश्न घेऊन कुणी आलं नव्हतं. हा प्रश्न ज्या काउंटरवर विचारायचा तिथले कारकून फार जुने आहेत. प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यावर एक संवाद लिहिला. त्यात सॉक्रेटिस विचारतो की लारिसा गावाचा रस्ता खरोखर माहीत असलेला माणूस आणि नुसता बरोबर अंदाज करणारा माणूस, दोघेही लारिसालाच पोहोचतात; मग फरक काय? म्हणजे आपल्या भाषेत, नदीनाक्यावरून वाड्याला जाणारी एसटी एकाने बोर्ड वाचून पकडली आणि दुसरा गर्दीबरोबर ढकलला जाऊन चढला, तरी वाड्याला दोघंही उतरणार. तिकीटही सारखंच. सॉक्रेटिसचं उत्तर असं की बरोबर अंदाज हा पळून जाणारा ऐवज आहे. त्याला कारणाच्या दोरीने बांधावं, तेव्हा तो ज्ञान होतो. हे वाचून मला सॉक्रेटिसबद्दल एकदम आपुलकी वाटली. विनातारण कर्जाबद्दल आमच्या बँकेचं मतही साधारण हेच आहे.

आपल्याकडेही हा वाद नवा नाही. वेद अक्षर न् अक्षर मुखोद्गत ठेवण्याची जी परंपरा आपण जपली, तिच्यापुढे सगळ्या बोर्डांच्या गुणवत्ता याद्या फिक्या पडतील. आणि तरीही यास्काच्या निरुक्तात, वेद पाठ करून त्याचा अर्थ न जाणणाऱ्याला ओझं वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. ज्यांनी पाठांतराचा कळस केला त्यांनीच पाठांतराला खांब म्हणावं, याला मोठा मोकळेपणा लागतो.

रात्री जेवताना हा विषय मी घरात काढला. सौभाग्यवतींनी तो एका वाक्यात संपवला.

"अहो, मार्क मिळाले ना? मग झालं तर! तुम्हाला नोकरीला घेताना डेबिट-क्रेडिटचा अर्थ विचारला होता का कुणी?"

हा घाव वर्मी होता. अकरावीत आम्ही 'देणारा जमा, घेणारा नावे' हा मंत्र असाच घोकला होता. अर्थ विचारायची पद्धत नव्हती. पुढे काउंटरमागे बसल्यावर, एकाच्या खात्यातून गेलेले पैसे दुसऱ्या खात्यात उमटताना रोज पाहिले, तेव्हा एके दिवशी तो मंत्र आपोआप बोलायला लागला. म्हणजे पाठ केलेलं सगळंच वाया जातं असं नाही. आमच्या आजोबांची पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ होती आणि भाजीवाला वजन करून होण्याआधी त्यांचा हिशेब तयार असे. पाढा म्हणताना दर वेळी 'सात आठे छप्पन्नच का?' असा तात्त्विक प्रश्न पडणाऱ्या माणसाने बाजारात जाऊ नये. रसायनातही मूलद्रव्यांच्या खुणा, संयुजा, आयनांचे प्रभार, हे पाठ केल्यावाचून सुटका नाही. मुळाक्षरं कुणाला 'कळत' नाहीत, ती येतात.

तेव्हा पाठांतर हे पाप नव्हे. ती एक ठेव आहे. पण बँकेत ठेवीचाही एक नियम असतो. ज्या खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने काही व्यवहार केला नाही, ते खातं निष्क्रिय धरलं जातं. दहा वर्षं कुणी फिरकलंच नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडे, ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते. ज्ञानाच्या खात्याला एवढी सवलत नाही. तिथे परीक्षेचा पेपर देऊन बाहेर पडताच खातं निष्क्रिय होतं, आणि रक्कम कुठल्या शिक्षण निधीत जाते तेही कळत नाही.

खरी भानगड पाठांतराची नाहीच. खरी भानगड अशी की आपल्याला येतंय की नाही, हे ज्याला कळायला हवं त्यालाच कळत नाही. धडा चार वेळा वाचला की पाचव्या वेळी तो ओळखीचा वाटतो. प्रत्येक ओळ 'हो हो, माहीत आहे' असं म्हणवून घेते. रोज सकाळी बसस्टॉपवर दिसणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला असाच माहीत असतो. त्याचं नाव विचारा, आपण गप्प. ओळख आणि माहिती यांत हा फरक आहे, आणि पुस्तक उघडं असेपर्यंत तो दिसत नाही.

इथे मला माझ्या धंद्याची मदत झाली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या जुन्या हेडकॅशियरनी मला एक गोष्ट शिकवली होती. संध्याकाळी रोकड जुळवायची वेळ आली, की कॉम्प्युटरवरचा आकडा आधी बघायचा नाही. आधी नोटा मोजायच्या, पाचशेच्या किती, दोनशेच्या किती ते कागदावर मांडायचं, बेरीज करायची, आणि मग पडद्याकडे मान वळवायची. कारण आकडा आधी पाहिला की हात तेवढेच मोजतात. त्यात लबाडी नसते. सज्जन माणसाचेही हात तेवढेच मोजतात. मनाला हवा असलेला आकडा एकदा कळला की बोटं त्याच्या नोकरीला लागतात.

अभ्यासाचा सगळा धर्म मला या एका नियमात सापडला. पुस्तक उघडं ठेवून 'येतंय' म्हणणं म्हणजे क्लोजिंग बॅलन्स बघून नोटा मोजणं.

हे नुसतं कॅशियरचं तत्त्वज्ञान आहे असं कुणी म्हणू नये. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली याची रीतसर परीक्षाच प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्क्यांना 75. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56. म्हणजे हॉलच्या दारात उभं राहून शेवटच्या क्षणी पानं चाळणाऱ्यालाही देवाने अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. पाच मिनिटांपुरतं त्याचं भलं होतं. ज्याला आठवडाभर टिकायचं आहे त्याने मात्र पुस्तक मिटावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी वही-पुस्तकं घेऊन आली. मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं, "बाळ, मला यातलं काही येत नाही."

"मग शिकवणार कसं, काका?"

"शिकवणार नाही. मी कॅशियर. फक्त मोजून घेणार."

पद्धत ठरली. धडा एकदा नीट वाचायचा. पुस्तक मिटायचं. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मोडकंतोडकं असलं तरी. मग पुस्तक उघडून लाल शाईने तूट लिहायची. दुसऱ्या दिवशी फक्त तूट पाहायची, मग दोन दिवस सोडून पुन्हा सगळा कागद कोरा. एकाच धड्याची वीस उदाहरणं ओळीने सोडवायची नाहीत. तीन धड्यांतली मिसळून सोडवायची, कारण पेपरात 'हे मोलचं उदाहरण आहे बरं का' असं कुणी कानात सांगत नाही. रात्री अकराला झोपायचं. आणि दर ओळीला मी 'का?' विचारणार, त्याचं उत्तर मराठीत द्यायचं.

या शेवटच्या कलमाने बहार आणली. कोऱ्या कागदावर पहिल्या दिवशी तिने अल्क धातूंची ओळ धाडधाड लिहिली. मुलांमध्ये एक हिंदी वाक्य चालतं, 'हलीना की रब से फरियाद'. त्यात हायड्रोजन, लिथियम, सोडियमपासून फ्रान्सियमपर्यंतचा सगळा पहिला गण बसवलेला आहे. मी विचारलं, "ही हलीना कोण, आणि तिची फरियाद काय?" मुलगी हसली. वर्षभर ती हलीनाला ओळखत होती, पण तिचं गाऱ्हाणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. पुस्तक उघडून आम्ही दोघांनी ते ऐकलं. या सगळ्यांच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो कुणालातरी देऊन मोकळं होण्याची त्यांना कोण घाई! म्हणून सोडियम पाण्यात टाकला की पेट घेतो. उलट क्लोरिनला एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो, आणि तो कुणाकडून मिळेल याकडे त्याचे डोळे लागलेले.

"म्हणजे सोडियम देणारा आणि क्लोरिन घेणारा," मी म्हटलं. "आमच्या भाषेत, सोडियम धनको आणि क्लोरिन ऋणको."

ती एकदम थांबली. "काका, म्हणूनच सोडियम धन आयन आणि क्लोरिन ऋण आयन!"

नावं ठेवणाऱ्यांच्या मनात सावकारी होती की नाही कोण जाणे, आणि मूळचा हिशेब तर उधार-उसनवारीच्या बरोबर उलट आहे, कारण इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण प्रभाराचा. ऋण देऊन टाकलं म्हणून सोडियम धन झाला. पण खूण पटली ती पटली. पुढे ऑक्सिडीकरण आणि क्षपण आलं. एकाने इलेक्ट्रॉन सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. दोन्ही घटना एकाच वेळी, सारख्याच रकमेच्या. मला भरून आलं. ही तर दुहेरी नोंद पद्धत! व्हेनिसमध्ये 1494 साली लुका पाचोलीने छापून प्रसिद्ध केलेली, आणि सोडियमला त्याच्याही आधीपासून ठाऊक असलेली.

त्या रात्री मी चिरंजिवांचं जुनं पुस्तक काढून गुपचूप वाचलं आणि आणखी एक धक्का बसला. रासायनिक क्रियेत आधीचं आणि नंतरचं वस्तुमान सारखं भरतं, हे तराजूने दाखवून रसायनाला हिशेबी वळण लावणारा फ्रान्सचा अंत्वान लाव्हाझिए हा पोटापाण्याने राजाची करवसुली करणाऱ्या कंपनीत भागीदार होता, आणि एका डिस्काउंट बँकेचा संचालकही. म्हणजे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक अर्धा आमच्यातलाच! समीकरण 'बॅलन्स' करणं हा शब्द तिथे कुठून आला असेल याची मला मुळीच शंका उरली नाही. पुढे वाचलं की राज्यक्रांतीत, करवसुली भोवली म्हणून, 1794 साली त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. मी पुस्तक मिटलं. वसुली विभागात बदली मागावी असा जो विचार मनात होता तो सोडून दिला.

चौथ्या दिवशी तिचा कागद अर्धा कोरा राहिला आणि ती रडकुंडीला आली. "काका, आधी सगळं येत होतं. तुमच्या पद्धतीने काहीच येईनासं झालं."

हा क्षण नाजूक असतो. रोकड कमी भरली की नवा कॅशियरही असंच म्हणतो, मोजेपर्यंत बरोबर होती! मी तिला मेंडेलेव्हची गोष्ट सांगितली. आदल्याच रात्री वाचली असल्यामुळे ती चांगली आठवत होती. 1869 मध्ये त्याने मूलद्रव्यांचा तक्ता मांडला तेव्हा 63 मूलद्रव्यं माहीत होती. ती रांगेत बसवताना मध्ये काही जागी योग्य मूलद्रव्य बसेना. आपल्या मुलांना लहानपणापासून शिकवण आहे की कोरं काही ठेवायचं नाही. काहीतरी लिहून या, तपासणाऱ्याला दया येते. मेंडेलेव्हने तसं केलं नाही. त्याने जागा रिकाम्या ठेवल्या आणि इथे काय यायला हवं याचं वर्णन करून ठेवलं. 1875 मध्ये गॅलियम सापडला, 1879 मध्ये स्कँडियम, 1886 मध्ये जर्मेनियम. त्या रिकाम्या जागांनीच त्याचं नाव झालं. आपल्याला काय येत नाही हे नेमकं ठाऊक असणं, हा ज्ञानाचा अर्धा भाग आहे. आणि उरलेल्या अर्ध्या भागाचा पत्ता त्यावरच लिहिलेला असतो.

तिने डोळे पुसले आणि लाल पेन उचललं.

सहाव्या दिवशी भाऊ दुसऱ्या पाळीवरून येताना खिशात खळ पाजलेल्या सुताचा एक पुंजका घेऊन आले. मुलीने त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. सूत गर्द निळंकाळं पडलं. "हा स्टार्च," ती म्हणाली. तिच्या पुस्तकातला 'स्टार्च', दहावीतलं 'पिष्ट' आणि बापाची 'खळ' ही एकाच व्यक्तीची तीन खाती आहेत, हे त्या थेंबाने उघड केलं. बँकेत याला ग्राहकाची ओळख पटवणं म्हणतात. त्यासाठी आम्ही दोन फोटो आणि आधार मागतो. इथे एका थेंबात भागलं.

मग बापलेकीचं जे बोलणं झालं ते मी नुसता ऐकत होतो. ती सांगत होती की गरम पाण्यात स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, म्हणून मिश्रण दाट होतं. भात खूप वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतलं एन्झाइम त्याच स्टार्चची साखळी तोडून साखर करतं. आणि विणून झाल्यावर कापडातली खळ काढायलाही तसलंच एन्झाइम वापरतात. भाऊ सांगत होते की खळ पातळ राहिली तर धागा मागावर तुटतो, फार दाट झाली तर कडक होऊन तुटतो, आणि ती नेमकी केव्हा झाली हे दोन बोटांत धरलं की कळतं. "का कळतं, ते मला नाही सांगता येत," असं ते म्हणाले. वीस वर्षं एकाच्या बोटांना येत होतं आणि शब्दांना येत नव्हतं; दुसरीच्या शब्दांना येत होतं, बोटांना येत नव्हतं. दोघांपैकी अडाणी कोण, याचा निकाल मी दिला नाही. कॅशियरने दोन्ही बाजू मांडाव्यात.

पण भाऊंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं. मार्क कुणाचे? ज्या उत्तरातला एक शब्द हलवला, प्रश्न जरा तिरका विचारला, भाषा बदलली, तरी जे उभं राहतं, ते आपलं. बाकीचं उसनं. उसनं घेणं हा गुन्हा नाही. सगळं जग उसन्यावर चालतं आणि त्यावरच आमचा पगार होतो. फक्त उसनवारी आपल्या मालमत्तेत दाखवू नये. ताळेबंदात तिची जागा दुसऱ्या बाजूला असते.

आणि आयुष्य प्रश्न नेहमी तिरकेच विचारतं. 1896 साली दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. इंग्रज सरकार हवालदिल झालं. सगळं साम्राज्य पाठीशी होतं, पण डाग निघेना. शेवटी तो काढला त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी. डांबर फासणाऱ्याचं धाडस मोठं, यात शंकाच नाही. पण 'संगमरवराला धक्का न लावता डांबर कसं काढाल?' हा प्रश्न कुठल्याही अपेक्षित प्रश्नसंचात नव्हता, आणि गज्जरांना कुणी पान नंबर सांगितला नव्हता, हेही खरं.

चाचणी झाली. बाहेर आल्यावर मुलीने एका चिठ्ठीवर आपले मार्क स्वतःच लिहून माझ्याकडे दिले. ही माझीच अट होती: पडद्याकडे बघण्याआधी बेरीज मांडायची. चिठ्ठीवर वीस होते. आठवड्याने पेपर मिळाला. त्यातही वीसच. मागच्यापेक्षा दोन कमी. सौभाग्यवतींनी माझ्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन करण्याची ही जागा नव्हे. भाऊंनी मात्र चिठ्ठी आणि पेपर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "म्हणजे हिला आधीच माहीत होतं?"

"पै न् पै," मी म्हटलं.

सोमवारी त्यांनी उचल घेतली. फी भरली. ती फी वसूल होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. तारण चांगलं आहे, एवढंच सांगतो.

राहता राहिला प्रश्न आपल्यासारख्या, परीक्षा संपलेल्या लोकांचा. आपलं सगळं आयुष्य उघड्या पुस्तकावर चाललेलं असतं. सकाळी पेपर वाचून महागाई कळते, दुपारी कँटीनमध्ये राजकारण कळतं, रात्री बातम्या बघून उरलेलं जग कळतं. कुणी चाचणी घेत नाही, म्हणून बावीस मार्कांचा थाट शेवटपर्यंत टिकतो. देशाच्या अंदाजपत्रकावर तासभर बोलणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला मी परवा सहज म्हटलं, "आता तेच घडीची पोळी भाजता भाजता वहिनींना समजावून सांगा." तेव्हापासून तो डबा दुसऱ्या टेबलावर खातो.

तेव्हा वाचकहो, एक छोटा प्रयोग करून पाहा. हे पुस्तक इथे मिटा आणि मी काय सांगितलं ते, न बघता, घरातल्या कुणाला तरी सांगा. सांगता आलं तर ते तुमचं. नाही आलं तर उगाच मनाला लावून घेऊ नका. पुस्तक तर विकत घेतलेलंच आहे, पुन्हा उघडा. शेजाऱ्याकडून मागून आणलं असेल, तर मात्र आधी परत करा. उसनवारीबद्दल मी वर काय म्हटलं, तेवढं तरी आठवत असेलच.